चुंबकवाले काका

सान स्टॉर्म नावाची दोन सीटची, कापडी टपाची गाडी गोव्यात तयार व्हायची. १९९८ च्या सुमाराची गोष्ट, आता कुणाला आठवतही नाही. तसली एक आमच्या सोलापुरात होटगी रोडकडे विकायला आहे असं कळलं आणि रविवारी सकाळी सातलाच मी तिथं हजर. इतक्या लवकर अशासाठी की जुनी गाडी थंड असतानाच सुरू करून बघावी. मागून निळा धूर आला तर ऑइल जळतंय, पांढरा थांबतच नसेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनमधलं सील, गेलंय. इंजिन गरम असलं की सगळी पापं झाकली जातात. मालकाला तसं फोनवर बजावलं होतं. पोचलो तर गाडी गेटात थरथरत उभी. "तुमच्यासाठी गरम करून ठेवली की ओ!"

बरं, म्हटलं टायर बघू. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. इथं ११०९. म्हणजे २००९ चा टायर. "नक्षी तर नवीकोरी आहे," मागून आवाज आला.

हे काका. बनियन, लुंगी, खांद्यावर टॉवेल. गल्लीत पाण्याचा दिवस होता. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळं ज्या दिवशी येतं त्या दिवशी अख्खी गल्ली जागी. काका पाइप बॅरलमध्ये सोडून आले होते. गाडीभोवती एक फेरी मारली, घरात गेले आणि फ्रिजवरचा बालाजीचा चुंबक घेऊन आले. ठोकलेल्या पत्र्यावर पुट्टीचा जाड लेप दिला असेल तर तिथं चुंबक चिकटत नाही, म्हणून ही परीक्षा. दरवाजाला लावला. बालाजी खाली पडला. बॉनेटला लावला. परत पडला.

"मालक, सगळी पुट्टी आहे."

"काका, बॉडी फायबरची आहे. चुंबक चिकटणारच नाही."

"तेच म्हणतोय मी. ओरिजिनल पत्राच काढून टाकलाय."

"काढला नाही हो, नव्हताच."

"पत्रा नव्हता तर आरटीओनं पास कशी केली?"

यावर काय बोलणार? काकांनी बालाजी कपाळाला लावला, खिशात टाकला आणि जमलेल्यांना निकाल सांगितला, "ॲक्सिडेंटची आहे. मोठ्या." एका पोरानं चुंबक मागून घेऊन स्वतःच्या मोटरसायकलला लावला. एक बाई स्टीलची कळशी घेऊन आल्या. तिलाही चिकटला नाही. चांगल्या स्टीलला बहुतेक चिकटत नाही, पण ते सांगायची हिंमत आता माझ्यात नव्हती. बाई दुकानदाराला शिव्या घालत गेल्या.

मी गाडीखाली शिरलो. बॉडी फायबरची असली तरी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, लोखंडी, आणि गाडीची निम्मी हयात गोव्याच्या खाऱ्या हवेत गेलेली. वेल्डिंगच्या सांध्यांवर स्क्रूड्रायव्हरनं टोकरून बघतोय, एका जागी पापुद्रा सुटतोय, तेवढ्यात पाठीला गार लागलं. काकांचं बॅरल भरून वाहत होतं. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरच्या मागं कळशी घेऊन पळावं लागतं, त्या गावातलं पिण्याचं पाणी माझ्या शर्टात मुरत होतं आणि पाइप उचलायला एक माणूस हलत नव्हता. सगळे वाकून गाडीखाली बघत होते.

"बघा! रेडिएटर पण लीक आहे," काका म्हणाले.

इंजिनमधून ऑइल ठिबकतंय का, तेवढं बघायचं राहिलं होतं. त्या डबक्यात काय कळणार? बाहेर आलो तर मालक माझ्यावरच उखडलेला. पब्लिक जमवून गाडीची किंमत पाडतो म्हणे! नंबर गोव्याचा, तिथल्या आरटीओची एनओसी नाही, पंधरा वर्षांनंतर रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण केलेलं नाही, आणि किंमत पाडायला मी!

रात्री फोन आला. काका. पुतण्याची अल्टो विकायची आहे, पत्रा एकदम ओरिजिनल, चुंबक सोडत नाही म्हणे. माझा नंबर त्यांना कुणी दिला, ते विचारायच्या आत त्यांनी टोकन किती देताय म्हणून विचारलं.