छोट्या देशात मोठे दुकान बुडवण्याची शास्त्रशुद्ध रीत

आपण एखाद्या बलाढ्य परदेशी कंपनीचे सूत्रधार असाल आणि एखाद्या चिमुकल्या देशात जाऊन रीतसर बुडावे अशी आपली मनोमन इच्छा असेल, तर आपण आइसलँडचा अभ्यास करावा. या देशाची लोकसंख्या आजही चार लाखांच्या आत आहे आणि त्यातली जवळजवळ दोन-तृतीयांश माणसे राजधानी रेक्याविक व तिच्या आसपास राहतात. दोन-तीन दुकाने उघडली की बाजारपेठ संपते, ही गोष्ट मुख्यालयातल्या नकाशावर दिसत नाही. तिथे आइसलँड चांगला ऐसपैस दिसतो, म्हणून नकाशावरच विश्वास ठेवावा.

उद्घाटनाला पंतप्रधानांना बोलवावे. १९९३ मध्ये मॅकडोनाल्ड्स आइसलँडमध्ये आले, तेव्हा पहिला बिग मॅक खाण्याचा मान तत्कालीन पंतप्रधान दाविद ओडसन यांना मिळाला होता. पाहुण्यांची निवड किती दूरदृष्टीची होती, हे कळायला पुढे पंधरा वर्षे जावी लागली. २००५ मध्ये हेच ओडसन देशाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झाले आणि ऑक्टोबर २००८ मध्ये, ते त्या खुर्चीत असतानाच, लँड्सबँकी, ग्लिटनिर आणि कॉप्थिंग या देशातल्या तिन्ही मोठ्या बँका आठवडाभरात कोसळल्या व त्यांच्यापाठोपाठ क्रोना हे तिथले चलनही गडगडले. क्रोना त्यांच्या एकट्यामुळे घसरला असे कोणी जबाबदार माणूस म्हणणार नाही. तरीही ज्या हातांनी पहिला बर्गर उचलला, त्याच हातांत चलनाचा कारभार असताना त्या बर्गरचे दिवस भरत यावेत, असा योग कुठल्याही सल्लागार संस्थेला पैसे देऊन जुळवता आला नसता.

यानंतर येतो मालाच्या खरेदीचा प्रश्न, आणि इथे शिस्त अजिबात ढळू देऊ नये. आइसलँडमध्ये तेव्हा माणसांपेक्षा मेंढ्या जास्त होत्या, देशाचा स्वतःचा दूधधंदा आहे आणि जमिनीतल्या उष्णतेवर चालणाऱ्या काचघरांत ऐन हिवाळ्यात टोमॅटो पिकतात. एखादा गावंढळ दुकानदार हे पाहून तिथलाच माल घेऊन मोकळा झाला असता. आपण मात्र मांस, चीज आणि भाज्या जर्मनीहूनच मागवाव्यात, कारण नियमावलीत तसे लिहिलेले आहे. शिवाय बाहेरून येणाऱ्या शेतमालावरचा भरभक्कम आयातकर भरल्याने यजमान देशाविषयीचा आदरही व्यक्त होतो. माल युरोत घ्यावा आणि बर्गर क्रोनात विकावा. क्रोना पडल्यावर वर्षभरात कच्च्या मालाचा खर्च दुप्पट झाला, आणि एक किलो जर्मन कांद्याला चांगल्या व्हिस्कीच्या एका बाटलीइतके पैसे मोजावे लागतात, असे तिथल्या परवानाधारक चालकाने जाहीरपणे सांगितले. कांद्याच्या भावाने भल्याभल्यांची सत्ता जाताना पाहिलेल्या मराठी वाचकाला यापुढचे सांगण्याची गरज नाही. ६५० क्रोनांचा बिग मॅक परवडण्यासाठी ७८० क्रोनांच्या घरात न्यावा लागला असता आणि तो जगातला सर्वांत महाग बिग मॅक ठरला असता. एवढा मोठा जागतिक मान हातचा घालवून ३१ ऑक्टोबर २००९ रोजी तिन्ही दुकाने बंद करण्यात आली.

बंद होणार म्हटल्यावर शेवटच्या दिवसांत लोकांनी लांबलचक रांगा लावल्या. अशा रांगांवरून आपण किती लोकप्रिय होतो याचा अहवाल तयार करून मुख्यालयाला पाठवावा. अखेरच्या बर्गरांपैकी एक कोणा ग्राहकाने न खाता जपून ठेवला. वर्षानुवर्षे तो नासला नाही आणि पुढे एका वसतिगृहात काचेमागे ठेवून त्याचे थेट प्रक्षेपण सुरू झाले. कंपनीचा त्या देशात एवढा टिकाऊ कर्मचारी दुसरा कोणी नव्हता. दुकाने चालवणाऱ्या त्याच चालकाने मग ‘मेट्रो’ नावाने स्थानिक मालाचे बर्गर विकायला सुरुवात केली. हा उपाय आधी सुचला तरी कोणाला बोलून दाखवू नये.

दुसऱ्याच्या अपयशातून काही शिकणे हेही टाळावे. ऑगस्ट २०१५ मध्ये डंकिन डोनट्सने रेक्याविकच्या लाउगावेगुर या मुख्य रस्त्यावर दुकान उघडले. पहिल्या ग्राहकांना वर्षभराचे फुकट डोनट मिळणार होते, म्हणून माणसे रात्रभर थंडीत रांगेत उभी राहिली. पाच वर्षांत सोळा दुकाने काढण्याची योजना होती. फुकटच्या रांगेवरून विकतच्या गिऱ्हाइकांचा अंदाज बांधण्याचे हे गणित फारच सुंदर आहे, आणि २०१९ उजाडले तेव्हा दुकाने बंद होऊन ते सुटलेही. मधल्या काळात क्रिस्पी क्रीम ही दुसरी डोनट कंपनीही आली आणि गेली. तिथल्या साध्या बेकरीतही क्लेना नावाचा, पीळ घातलेला तळणीचा पदार्थ मिळतो, जो आपल्या शंकरपाळ्याची थोरली बहीण शोभेल. पण बाजाराची पाहणी करताना बेकरीत डोकावू नये, नाहीतर विमानाचे परतीचे तिकीट लगेच काढावेसे वाटते.

रेक्याविकच्या बंदराजवळ १९३७ पासून चालत आलेली हॉट डॉगची एक टपरी आहे. तिथल्या सॉसेजमध्ये मुख्यतः आइसलँडचेच मेंढीचे मांस असते आणि २००४ मध्ये बिल क्लिंटन यांनीही तिथे उभे राहून खाल्ले. तिच्याकडे दुर्लक्ष करावे, कारण तिच्यापाशी पंचवार्षिक विस्तारयोजना नाही.

शेवटी निरोपाचे पत्रक काढावे लागते. मॅकडोनाल्ड्सने आर्थिक परिस्थिती आणि आइसलँडमध्ये व्यवसाय करण्यातल्या आगळ्यावेगळ्या अडचणी ही कारणे दिली आणि परतण्याचा विचार नसल्याचेही सांगून टाकले. आपणही तोच नमुना वापरावा. कांदा जर्मनीहूनच आणण्याचे कलम कोणी घातले, याचा मात्र पत्रकात उल्लेख नको. ते कलम पुढच्या देशात लागणार आहे.