फोटो जरा हलके करा

आज सकाळच्या मेलमध्ये शेवटची ओळ अशी होती: ‘काकांनी सुचवल्याप्रमाणे फोटो ७२ केल्यामुळे साइट आता झटपट उघडते, त्याबद्दल काकांचे विशेष आभार.’ माझंही नाव होतं त्या मेलमध्ये. वर, ‘प्रति’च्या पुढे.

काकांकडे येतोच. आधी माझी चूक कबूल करतो. साइटवर टाकायला चाळीस फोटो आले होते, प्रत्येक साधारण ४ एमबीचा. मी कळवलं, ‘फोटो फार जड आहेत, जरा हलके करून पाठवा.’ दुसऱ्या दिवशी चाळीसच्या चाळीस हलके होऊन आले. म्हणजे फिके. ब्राइटनेस वाढवून आकाश पांढरं, शर्ट पांढरे, चेहरे नुकतंच काहीतरी भयंकर ऐकल्यासारखे. आणि वजन? ४ एमबीचे ७ एमबी झालेले. कारण मोबाइलमधलं एडिटर बहुधा सगळ्यात वरच्या क्वालिटीने सेव्ह करतं. एकदा दाबलेला जेपीईजी (फोटोचा नेहमीचा फाइल-प्रकार, थोडा तपशील गाळून वजन कमी करणारा) १०० क्वालिटीने पुन्हा साठवला की उडालेला तपशील परत येत नाही, आधीच्या दाबण्याचे डाग मात्र इमानेइतबारे जपले जातात आणि फाइल मुळाहून फुगते. पांढऱ्या आकाशाचं तर विचारूच नका. पिक्सेल म्हणजे फोटोतला एक ठिपका, आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरा; तिथे जाऊन टेकलेला पिक्सेल आधी २४० होता की २५०, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

मग मी ‘हलके’ खोडून ‘साइज कमी करा’ लिहिलं. तर मागच्या रांगेतली माणसं गेली. क्रॉप केली होती. रागावणार कोणावर? ‘साइज’ म्हणजे पिक्सेल किती, ‘साइज’ म्हणजे फाइल किती केबीची, ‘साइज’ म्हणजे पडद्यावर केवढा दिसतो आणि ‘साइज’ म्हणजे कागदावर किती इंच. चार वेगळ्या गोष्टींना एकच शब्द, आणि तो ज्याला जसा सोयीचा तसा त्याने घ्यायचा. तिसऱ्या खेपेला मूळ फोटो मागवले, तर ते चॅटवर आले. चॅटची अॅप्स स्वतःच फोटो दाबून लहान करतात, म्हणून तिथे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा असतो. हे सांगितल्यावर समोरून प्रश्न आला, ‘पण आहेत तर फोटोच ना?’

यावर तोडगा म्हणून व्हिडिओ कॉल ठरला, आणि काका अवतरले.

अवतरले म्हणणंही धाडसाचं आहे. कॅमेऱ्यात दिसत होतं ते फक्त त्यांचं डावं कोपर. पाऊण तासात त्या कोपरापलीकडचे काका मला दिसले नाहीत. पण बोलणारे तेच होते.

‘तीनशे आहे का?’ कोपर म्हणालं.

‘काय तीनशे?’

‘डीपीआय हो. तीस वर्षं छपाईत काढलीत. तीनशेच्या खालचा फोटो मी हातात धरत नाही.’

‘काका, हे छापायचं नाहीये. तो आकडा कागदासाठी असतो, इंचात किती ठिपके बसवायचे ते सांगायला. पानावर फोटो केवढा दिसायचा ते पानाची मांडणी ठरवते. आपला स्तंभ ८०० पिक्सेलचा आहे.’

‘म्हणजे किती इंच?’

‘ते ज्याच्या त्याच्या पडद्यावर.’

‘असं कसं? स्तंभाला इंच नाहीत?’

‘नाहीत.’

कोपर काही वेळ हललं नाही. मग त्याने मागे कोणाला तरी सांगितलं, ‘यांच्या स्तंभाला इंचच नाहीत.’ मागे कोणीतरी हळहळलं.

‘बरं मग ७२ करा,’ काका म्हणाले. ‘वेबला ७२ लागतो. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.’

शेंबड्या पोराला हे कुठून ठाऊक झालं, तेही सांगून टाकतो. १९८४ साली मॅकिंटॉश आला तेव्हा त्याच्या ९ इंची पडद्यावर इंचाला ७२ पिक्सेल होते. छपाईतला पॉइंट इंचाचा बहात्तरावा भाग, म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर पडद्यावर आणि कागदावर सारख्याच मापाचं दिसायचं. सोय मोठी होती. आज कित्येक फोनांवर इंचाला चारशेहून जास्त पिक्सेल असतात, पण ७२ काही मरत नाही. याला दुसरंही एक कारण आहे. फोटोशॉपमध्ये ‘इमेज साइज’ची खिडकी उघडली की तळाशी ‘रिसॅम्पल’ची, म्हणजे पिक्सेलची संख्याच बदलण्याची, एक चौकट असते. ती चौकट खूण करून ठेवलेली असताना ३००चे ७२ केले, तर ४०३२ पिक्सेल रुंद फोटो ९६८ पिक्सेलचा होतो आणि फाइल खरोखरच कोसळते. करणारा म्हणतो, ७२ची करामत. करामत पिक्सेल उडवण्याची असते. खूण काढून तेच ७२ टाका; फोटो १३.४४ इंचांचा ५६ इंच होतो, तोही फक्त कागदावर, आणि पिक्सेल होते तेवढेच राहतात.

हे सगळं मी काकांना सांगितलं. चित्र काढून, स्क्रीन शेअर करून. कोपर म्हणालं, ‘तुम्ही करून तर बघा.’

केलं. वाद मिटावा म्हणून एका फोटोमधला तो आकडा तेवढा बदलला, एकाही पिक्सेलला हात लावला नाही, आणि त्याच नावाने फाइल पुन्हा चढवली. वजन तेच. काकांना म्हटलं, आता पान उघडा.

‘बघा!’ कोपर प्रथमच उडालं. ‘बघा कसा पटकन आला! मघाशी केवढा वेळ लागला होता.’

पटकन येणारच! मघाशी उतरवलेला फोटो त्यांच्याच ब्राउझरच्या कॅशेमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, होता. नाव तेच असल्यामुळे ब्राउझरने नवी फाइल मागवलीच नाही, घरातलीच काढून दाखवली. म्हणून तर बदललेल्या फोटोला नेहमी नवं नाव द्यायचं असतं. तिथे नेमका मीच आळस केला आणि काकांना पुरावा मिळवून दिला. कॉलवरच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. खोटं नाही सांगत.

साइट आज खरंच वेगाने उघडते, हे कबूल. ती का, ते कोणी विचारलेलं नाही, तरी लिहितो. मूळ फोटो एकदाचे डॉक्युमेंट म्हणून आले, त्यातले निम्मे एचईआयसी, म्हणजे काही फोन वापरतात तो वेगळा फाइल-प्रकार. तो बहुतेक ब्राउझर दाखवत नाहीत, म्हणून आधी तेवढे बदलून घेतले. मग सगळे सरळ केले. फोन कसाही धरा, सेन्सर पिक्सेल आपल्याच क्रमाने लिहितो आणि ‘दाखवताना ९० अंश फिरवा’ अशी चिठ्ठी एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोसोबतच्या नोंदींत, ठेवून देतो. वजन वाचवायच्या घाईत आधी एक्झिफ पुसला तर चिठ्ठीही जाते आणि सत्कारमूर्ती पानावर आडवे होतात. म्हणून आधी पिक्सेल प्रत्यक्ष फिरवायचे, नंतर पुसायचं. आणि पुसायचंच, कारण फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही तिथेच बसलेले असू शकतात.

त्यानंतर क्रॉप, आणि मग खरं काम: रिसाइझ, म्हणजे पिक्सेलच कमी करणं. स्तंभ ८०० पिक्सेलचा, दुप्पट घनतेच्या पडद्यांसाठी १६००. तिप्पटीच्या नादी लागू नये. पिक्सेल सव्वादोन पट वाढतात आणि नाक पडद्याला लावल्याशिवाय फरक कळत नाही. ४०३२ बाय ३०२४ म्हणजे सुमारे १ कोटी २२ लाख पिक्सेल, १६०० बाय १२०० म्हणजे १९ लाख २० हजार. सहावा हिस्सासुद्धा नाही. आणि नुसत्या फाइलच्या वजनाकडे बघून चालत नाही. ब्राउझर फोटो उलगडतो तेव्हा दर पिक्सेलला ४ बाइट धरतो. ४ एमबीचा मूळ फोटो स्मृतीत साधारण ४९ एमबी जागा अडवतो. असे चाळीस एका पानावर टाकले की जुना फोन तापून गप्प होतो, आणि मग लोक म्हणतात साइट बिघडली.

लहान केल्यावर फोटो किंचित मऊ पडतो, म्हणून शार्पन शेवटी, तेही हलक्या हाताने. (हलक्या! हा शब्द आता लिहवत नाही.) रंग एसआरजीबीमध्ये, म्हणजे वेबच्या नेहमीच्या रंगपट्टीत, रूपांतरित करायचे. नुसतं प्रोफाइल (रंगपट्टी कोणती त्याची नोंद) काढून टाकायचं नाही. अॅडोबी आरजीबी या रुंद रंगपट्टीतला फोटो प्रोफाइलशिवाय सोडला तर चेहरे आजारी दिसतात. मग जेपीईजी, क्वालिटी ७५ ते ८०. नव्वदीच्या पुढे वजन भराभर चढतं आणि डोळ्यांना त्याचा पत्ता लागत नाही. वेबपी (जेपीईजीचा नवा पर्याय) केलं तर बहुतेक वेळा आणखी पाव हिस्सा तरी वाचतो. माझे १६० एमबी ११ एमबीवर आले.

आणि एक, वरून पहिला दिसणारा मोठा फोटो ‘लेझी लोडिंग’वर, म्हणजे गरज पडेल तेव्हाच उतरवण्याच्या सोयीवर, टाकायचा नाही. खालचे जरूर टाका. पण जो डोळ्यासमोर यायचा त्यालाच ‘थांब, नंतर ये’ म्हणणं हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि तो साइटच्या तयार थीममध्येही (साच्यांमध्येही) सापडतो. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहून ठेवायची, म्हणजे ब्राउझर आधीच जागा राखतो. नाहीतर फोटो उशिरा येतो, खालचा मजकूर ढकलतो आणि वाचणाऱ्याचं बोट भलत्याच बटणावर पडतं.

बॅनरचं दुःख वेगळंच. लाल पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, जेपीईजीत. जेपीईजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे करतो आणि एरवी रंगाची माहिती उभी-आडवी अर्धीच ठेवतो. चेहऱ्यावर, झाडांवर हे खपून जातं, अक्षरांच्या कडेला मात्र मुंग्या लागल्यासारखं दिसतं. मी पीएनजी मागितला, तपशील न गाळता साठवणारा फाइल-प्रकार. पंधरा मिनिटांत आला, मुंग्यांसकट. फाइलच्या नावातलं ‘जेपीजी’ खोडून ‘पीएनजी’ लिहिलं होतं. उघडतेही ती, कारण सॉफ्टवेअर बहुधा नाव बघतच नाही, फाइलचे पहिले बाइट बघतं. एवढं साधं शहाणपण यंत्राला आहे. खरं तर अक्षरं चित्रात घालायचीच कशाला? मजकूर मजकूर म्हणून लिहिला तर काही बाइटांत भागतं, फोनवर त्याच्या ओळी रुंदीप्रमाणे नीट तुटतात, शोधात सापडतो आणि ज्यांना दिसत नाही त्यांना वाचून दाखवता येतो. मी हे दर वेळी सांगतो. दर वेळी उत्तर येतं, ‘पण डिझायनरने असंच दिलंय.’

राहिला लोगो. तो वर्डच्या फाइलमध्ये आला. डॉकएक्स ही मुळात झिप असते. शेवटचं नाव बदलून ‘झिप’ केलं की आतल्या ‘वर्ड’ फोल्डरात ‘मीडिया’ नावाचं फोल्डर मिळतं आणि त्यात चित्रं सुटी पडलेली असतात. होतं तिथे चित्र. २१२ पिक्सेल रुंद, आणि पारदर्शक पार्श्वभूमीची खूण असलेल्या राखाडी-पांढऱ्या चौकड्या त्यात चक्क रंगवलेल्या. फाइलचं नाव ‘लोगो’, देवनागरीत. हे नाव वेबपत्त्यात गेलं की चार चिन्हांचे १२ बाइट होतात आणि प्रत्येक बाइटला तीन-तीन अक्षरं, अशी ३६ अक्षरांची शेपूट लागते. नाव बदललं, लोगो नव्याने रेखून एसव्हीजी केला, अक्षरांच्या बाह्यरेषा करून घेतल्या (नाहीतर ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला भलतीच अक्षरं दिसतात), आणि ३ केबीचा पाठवून दिला.

आभाराच्या मेलनंतर तासाभराने दुसरा मेल आला. ‘काका विचारतात, लोगो किती डीपीआयचा आहे?’

मी लिहिलं, एसव्हीजीमध्ये पिक्सेल नसतात, रेषा कुठून कुठे जातात याच्या सूचना असतात. केवढाही करा, फाटत नाही. त्याला डीपीआय नाहीच.

उत्तर लगेच आलं. ‘काका म्हणतात, मग ७२ धरा.’