आत्याचं तिकीट आणि ‘एमटीबीएफ’चा बागुलबुवा

परवा सकाळी सकाळी आत्याचा फोन. “माझं विमानाचं तिकीट रद्द कर रे, मी रेल्वेनंच जाते.” कारण काय, तर सोसायटीच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड: ‘विमानातल्या प्रत्येक यंत्राचा एमटीबीएफ ठरलेला असतो. तेवढे तास भरले की ते बंद पडतंच. हे आकडे अमेरिकी लष्कराच्या पुस्तकातले, म्हणून अचूक. कंपन्या ते लपवतात.’

‘तेवढे तास भरले की बंद’ हे वाचून तर डोकंच फिरलं. एमटीबीएफ म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ, आयुष्य नव्हे. समजा, पंचविशीतल्या हजार माणसांमागे वर्षाला एक दगावतो. या हिशेबानं त्यांचा ‘एमटीबीएफ’ हजार वर्षं! म्हणून कोणी हजार वर्षं जगतं का? विमानातल्या एखाद्या डब्याचा (म्हणजे इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा) एमटीबीएफ 50,000 तास असेल, तर असे हजार डबे 50 तास चालवल्यावर साधारण एक बिघाड अपेक्षित, एवढाच अर्थ. या गणितात बिघाडाचा दर कायम एकच धरलेला असतो, त्यामुळे डबा पाचव्या तासालाही बिघडू शकतो नि 80,000 तासही टिकू शकतो. बदलीसाठी जादा डबे किती ठेवायचे, दोन डिझाइनांत बरं कोणतं, हे ठरवायला हा आकडा कामाचा.

आता ते ‘अचूक’ पुस्तक. मिल-एचडीबीके-217, शेवटची दुरुस्ती 1995 ची. प्रत्येक सुट्या भागाचा मूळ बिघाड-दर घ्या, तापमान, दर्जा, वातावरण यांच्या गुणकांनी गुणा, बेरीज करा आणि त्यावरून एमटीबीएफ काढा. झालं! डिझाइनमधली चूक, सॉफ्टवेअर यांचा पत्ताच नाही. खुद्द अमेरिकी लष्करानं 1996 मध्ये सांगितलं की आमच्या निविदांत याचं नाव नको, यातून दिशाभूल करणारे अंदाज निघतात. दुसरी वाट म्हणजे एअरबस, थेल्स वगैरे कंपन्यांनी मिळून केलेली फाइडीस पद्धत; ती विमान जमिनीवर किती, हवेत किती, तापणं-गार होणं किती वेळा, बनवणाऱ्याची शिस्त कशी, हेही मोजते. तिसरी वाट म्हणजे सर्किटवरचा हा सोल्डरचा (डाखाचा) जोड नेमका कशानं नि ताणाच्या किती फेऱ्यांनी तडकेल, याचं भौतिकशास्त्र मांडायचं. मला हीच पटते, पण हजारो भागांसाठी ते करत बसायला वेळ कोणाला? उडणाऱ्या विमानांमधली नोंद सगळ्यात खरी, पण नव्या डब्याची ती आणायची कुठून? एकाच डब्याला या पद्धती वेगवेगळे आकडे देतात. घ्या अचूकता!

एक मान्य करतो: काही भागांना मुदत असते. इंजिनातल्या टर्बाइन डिस्क (फिरत्या तबकड्या) ठरावीक फेऱ्यांनंतर, धडधाकट असल्या तरी काढतात. पण ती मुदत एमटीबीएफवरून ठरत नाही.

लपवतात म्हणे! कितीतरी उपकरणांच्या माहितीपत्रकांत हा आकडा छापलेला असतो. आणि एक डबा गेला म्हणून विमान पडत नाही. एअरबसच्या ए320 विमानात हायड्रॉलिकच्याच (द्रवाच्या दाबानं भाग हलवणाऱ्या) तीन स्वतंत्र यंत्रणा आहेत.

एवढं सगळं ऐकून आत्या गप्प. मग तिकीट रद्द केलं तर किती पैसे कापतील ते सांगितलं, तेव्हा तिला माझं सगळं पटलं.