सांधा गळता ठेवण्याची खात्रीशीर रीत

सोलापुरात राहून तुमच्या नळाचा एकही सांधा गळत नसेल, तर लोकांत सांगू नका. काही दिवसांआड उजनी धरणाचं पाणी येतं, तेही बऱ्याचदा आडवेळी. रात्रभर टपटप ऐकू आली की टाकीत पाणी आहे याची घराला खात्री असते. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला निदान चार-साडेचार लिटर जातं. एवढ्या निर्धास्तपणाला ही किंमत काहीच नाही.

सुरुवात दुकानापासून करा. पाइप जीआय म्हणजे लोखंडी आहे की सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिकचा, सांधा आट्यांचा आहे की वॉशरचा, हे बघून गेलात तर काम बिघडेल, म्हणजे नीट होईल. नुसतं म्हणा, ‘लिकेजला कायतरी द्या.’ पांढरी टेफ्लॉन टेप हातात पडेल.

ती उलटी गुंडाळा. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून, पहिला आटा मोकळा सोडून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळली, तर फिटिंग चढताना टेप आणखी घट्ट बसते. आपल्याला ते नको. उलट गुंडाळली की पहिल्याच पिळाला ती गोळा होऊन झिपऱ्या बाहेर येतात. पहिला आटाही झाकून टाका. टेपचे तुकडे वाहत जाऊन नळाच्या जाळीत बसतील आणि धार आपोआप बारीक होईल. महापालिका जे सांगून थकली ती पाणीबचत अशी फुकटात होते.

फिटिंग करकचून आवळल्यावर नळाचं तोंड भिंतीकडे राहिलं, तर अर्धा पीळ मागे घ्या. जीआयचे बाहेरचे आटे निमुळते असतात, सोळास एक या उताराचे. ते आत रुतत जातात म्हणून सांधा धरतो, टेप फक्त उरलेल्या फटी भरते. मागे फिरवलं की रुतलेलंही सुटतं आणि भरलेलंही.

गिझरच्या कनेक्शन पाइपला मात्र कंजुषी नको. तिथे पाणी अडवतो तो नटातला रबरी वॉशर, आट्यांचा त्यात काही संबंध नाही. म्हणूनच आट्यांवर फेट्याएवढे वेढे द्या आणि चिरलेला वॉशर आहे तसाच ठेवा. बदललात तर पाच मिनिटांत गळती थांबेल, मग दुपारभर करणार काय?

जुन्या वळणाचा मिस्त्री मिळाला तर आट्यांवर ताग आणि सफेदा, म्हणजे पांढरा लेप. ताग पाणी पिऊन फुगतो आणि फट बुजवतो. जिथे पाइप सदा भरलेला असतो तिथे तो उत्तम टिकतो. आपली गल्लीतली लाइन मधले दिवस कोरडी, त्यात मे महिन्याचं ऊन. ताग आकसतो, मग पाण्याआधी हवेचा धक्का येतो. सोलापूरला ताग शोभतो तो असा!

काहीजण महागडी ट्यूब आणतात, हवा मिळेनाशी झाली की धातूच्या आट्यांत घट्ट होणारी. ती प्लास्टिकच्या आट्यांना लावा. तिथे ती धड वाळत नाही, काही प्लास्टिकला तडेही पाडते. लेबलवर हे छापलेलं असतं, पण चष्मा घरी विसरायला काय हरकत आहे?

आणि पाना मोठाच आणा. प्लास्टिकच्या फिटिंगला हाताने आवळून वर एक-दोन पीळ पुरतात, असं कंपनीवाले म्हणतात. त्यांना आपल्या पुतण्याचा दंड कुठे माहीत आहे! ‘कट्’ असा बारीक आवाज आला की थांबा. तडा गेला. ‘काय होत नाय मालक, एमसील हाय की,’ म्हणत मिस्त्री ओल्या पाइपवर बाहेरून गोळा थापेल. त्याखाली जुना सोलापुरी टॉवेल बांधून ठेवा; पाणी प्यायला त्याचा हात कोणी धरणार नाही.

भिंतीतली लाइन असेल तर कोणीतरी शहाणा नक्की म्हणेल, टाइल लावायच्या आधी प्रेशर देऊन बघू. त्याला सांगा, पाणी परवा येणार आहे आणि टाइलवाला आजच मोकळा आहे.