सीओ-पीओचं एक्सेल आणि तुमचा आक्षेप

नमस्कार. आधी तुमचा मुद्दा सांगतो, म्हणजे इतरांना संदर्भ लागेल. अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रत्येक विषयातून (सीओ, कोर्स आउटकम) आणि अख्ख्या पदवीतून (पीओ, प्रोग्रॅम आउटकम) मुलांना काय यायला हवं ते ठरवून, ते किती साधलं याचा आकडा काढतात. त्या सीओ-पीओ ॲटेनमेंटवर मी केलेली टीका तुम्हाला कामचुकारपणाची वाटली. मोजमाप नको म्हणणाऱ्यांना जबाबदारी नको असते, एनबीए-नॅक या मानांकन संस्थांच्या धाकाने निदान कोर्स फायली (विषयाच्या अध्यापनाच्या नोंदी) तरी होतात, आणि ‘पर्याय काय?’, असं तुम्ही लिहिलंत.

फायलींचं खरं आहे. अभियांत्रिकी पदव्यांना देशादेशांत परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला, हेही चांगलंच झालं. पण मोजू नका असं मी म्हणतच नाही. त्या एक्सेलमध्ये शिकणं मोजलं जात नाही, एवढंच माझं म्हणणं.

संलग्न महाविद्यालयाचं उदाहरण घ्या. विद्यापीठाच्या परीक्षेचे विषयवार एकूण गुण हाती येतात, प्रश्नवार नाहीत. मग अमुक टक्के मुलं लक्ष्याच्या वर म्हणून ॲटेनमेंटची लेव्हल २, आणि तोच २ पहिल्या सीओपासून शेवटच्यापर्यंत ओढायचा. एकाच विषयातलं बेंडिंग मोमेंट (तुळईला वाकवणारा परिणाम) सगळ्यांना जमलं आणि डिफ्लेक्शन (ती किती वाकते) कोणालाच नाही, तरी दोन्ही रकाने सारखेच! त्यात अंतर्गत गुण मिसळायचे (ते आम्ही प्राध्यापकच देतो), एक्झिट सर्व्हे (शेवटी मुलांकडून भरून घेतलेली प्रश्नावली) मिसळायचा, मॅपिंगच्या, म्हणजे सीओचा पीओशी संबंध किती हे सांगणाऱ्या, १-२-३ ने गुणायचं. मग ‘नैतिकता’ या पीओचंही ॲटेनमेंट दोन दशांश स्थळांपर्यंत निघतं. लक्ष्य ठरवणारेही आम्हीच.

आता पर्याय. अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञ हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बलाच्या संकल्पनांवर एक चाचणी प्रसिद्ध केली. त्यात आकडेमोड नाही. मोठा ट्रक आणि छोटी मोटार समोरासमोर धडकली, तर कोण कोणावर जास्त बल लावतं, असे साधे प्रश्न. न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणणारी मुलंही ‘दोन्ही सारखंच’ न म्हणता ‘ट्रक’ म्हणतात. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी हेस्टेनिस यांची अशीच चाचणी दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं: तुम्ही शिकवलंत तसं उत्तर देऊ, की मला वाटतं तसं? आपल्या कुठल्याही ॲटेनमेंट शीटपेक्षा हा प्रश्न जास्त सांगून जातो.

हीच चाचणी सत्राच्या आरंभी आणि शेवटी देऊन फरक पाहतात. अमेरिकेतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक हेक यांनी १९९८ मध्ये ६२ वर्गांचे, साडेसहा हजार विद्यार्थ्यांचे आकडे मांडले. सुरुवातीला जे येत नव्हतं, त्यातलं नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी २३ टक्के भरून निघालं. मुलांना आपसांत चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. प्राध्यापकाला झोंबेल असं मोजमाप हे. यातून सुटका मागणारा मी नव्हे.

तुम्ही स्वतः शिकवत असाल, तर आपल्या विषयाचे असे दहा प्रश्न काढा आणि पहिल्या व शेवटच्या तासाला द्या. मात्र त्याचे गुण निकालात धरू नका, आणि प्राध्यापकाच्या मूल्यमापनात तर मुळीच नको. नाहीतर दुसऱ्याच वर्षी ते दहा प्रश्न फळ्यावर सोडवून दिले जातील.