डबा हातात असताना : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची कॉमेंट तीनचार वेळा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला हे खरं सांगते, म्हणून दोन दिवस थांबले आणि आता लिहायला बसलेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, नाशिकला राहायला आल्यावर नव्या कॉलनीत अनोळखी लोकांशी येशूविषयी कसं बोलत गेले यावर मागची पोस्ट होती आणि त्यात "दवाखान्यात माणसं लवकर ऐकतात" असं एक वाक्य मी लिहिलं होतं. दादांचं म्हणणं, ही तर शिकार झाली, माणूस अडला की गाठायचा, इंग्रज गेले पण त्यांचं दुकान इथंच राहिलं, आणि श्रद्धा एवढीच असेल तर ती आपल्या घरात ठेवा.

आधी दुकानाचं. आपण सगळे शरणपूर रोडवरून जातो येतो, पण त्या नावातलं शरण कुठून आलं हे मलाही इथं येईपर्यंत माहीत नव्हतं. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीनं तिथं ख्रिस्ती वस्ती वसवली, आणि ब्रिटिश आरमारानं गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली पोरं तिथं आणून त्यांना लिहायवाचायला, सुतारकाम लोहारकाम शिकवलं. त्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये इंग्रजांचा नावाजलेला मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचा देह शेकडो मैल चालत समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत हा नाशिकला शिकलेला मुलगा होता, पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत दफन झालं तेव्हाही होता. मला याचा अभिमान वाटतो, आणि त्यातच एक गोष्ट खुपतेही. त्या पोरांना इंग्रजी नावं दिली गेली. गुलामीतून सोडवलं हे देवाचंच काम, पण तुझं नाव बदलू का असं कुणी विचारलं असेल का त्यांना? आणि विचारलं असतं तरी, ज्यानं सोडवलं त्याला लहानसं पोर नाही कसं म्हणणार?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही, आमच्या मजल्यावरच्या मावशींमुळे पडला. काका अॅडमिट होते, मी रोज संध्याकाळी डबा घेऊन जायचे, मऊ भात, वरण, कधी मुगाची खिचडी. तिसऱ्या दिवशी काकांची तब्येत जास्तच बिघडली, मावशी बाहेर बाकावर बसलेल्या, मी डबा त्यांच्या हातात दिला आणि लगेच विचारलं, मावशी, मी येशूजवळ प्रार्थना करू का काकांसाठी? त्यांनी मान हलवली. मी डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना केली, बाजूचे लोक बघत होते, मला वाटलं किती सुंदर झालं. काका बरे होऊन घरी आले. मग एक दिवस मावशी डबा परत द्यायला आल्या, घासूनपुसून लख्ख केलेला, रिकामा कसा द्यायचा म्हणून आत चार रव्याचे लाडू, आणि दारातच म्हणाल्या, "एक बोलू का ग, राग नको मानू. त्या दिवशी मी नाही कसं म्हणणार होते? तुझा डबा होता ना माझ्या हातात."

दादा, तुम्ही शिकार म्हणालात, मावशींनी लाडू देऊन तेच सांगितलं होतं.

त्या दिवसापासून ज्या हातानं डबा देते त्या हातानं बायबल देत नाही. कुणाच्या घरी आजारपण असेल, पैशाची अडचण असेल तर जे होईल ते करते आणि येशूचं नाव काढत नाही, प्रार्थना करायची ती माझ्या घरी, माझ्या खोलीत, दार लावून. आमच्या चर्चमधल्या काहींना हे पटत नाही, त्यांच्याशी माझं बोलणं चालू असतं.

पण श्रद्धा घरात ठेवा हे मात्र मला पटत नाही, आणि नाशिकमध्ये बसून तर अजिबात नाही. कुणाची श्रद्धा घरात राहिलीय इथं? निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघते तेव्हा वारकरी रस्त्यात पाणी देणाऱ्या मलासुद्धा माउली म्हणून पाया पडतात. विपश्यना शिकायला देशोदेशीची माणसं इगतपुरीला येतात. आपल्याला जे मिळालं ते समोरच्याला सांगावंसं वाटतं, यात चोरून करण्यासारखं काय आहे? मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना नवा करार, म्हणजे बायबलमधला येशूविषयीचा भाग, दिला तो १८९३ साली रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका अनोळखी गोऱ्या माणसानं, गप्पा मारता मारता, आणि टिळकांनी तो वाचला, वाद घातला, दोन वर्षांनी बाप्तिस्मा घेतला. तिथं कुणी अडलेलं नव्हतं, पुस्तक खिडकीतून फेकून दिलं असतं तरी काही बिघडणार नव्हतं. आणि त्यांच्या लक्ष्मीबाई, आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, त्यांना न सांगता नवऱ्यानं धर्म बदलला याचं दुःख त्यांनी किती सोसलं ते त्यांचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या ख्रिस्ती झाल्या १९०० मध्ये, पाच वर्षांनी, आधी मनातली जातपात सुटली, मग बाकीचं. बाबासाहेबांनी येवल्याला घोषणा केली १९३५ मध्ये आणि दीक्षा घेतली १९५६ मध्ये, एकवीस वर्षं. इतकी मोठी माणसं एवढा वेळ घेतात, मग दवाखान्याच्या बाकावर पाच मिनिटांत कुणाचं मन बदललं असं मी समजणं हा त्या माणसाचा अपमानच आहे ना.

कायद्याचंही तुम्ही विचारलंय. घटनेच्या २५व्या कलमात धर्माचा प्रसार करायचा हक्क आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही असं सुप्रीम कोर्टानं १९७७ मध्ये सांगितलंय. ख्रिस्ती असून मला ते बरोबर वाटतं. मन बदलणं देवाच्या आणि त्या माणसाच्या मधलं काम, माझं काम विचारलं तर सांगायचं, आणि कधी न विचारताही एकदा सांगायचं, पण समोरच्याला उठून जाता येईल अशा जागी.

मावशींचं पुढे काय झालं तेही सांगते. लाडवांनंतर मी वर्षभर तो विषयच काढला नाही. मग एकदा गच्चीवर पापड वाळत घालताना त्यांनीच विचारलं, तू पहाटे लाइट लावून काय वाचत असतेस ग? मी सांगितलं, बायबलमधल्या त्या उधळ्या मुलाची गोष्ट सांगितली, तो घरी परत येतो आणि बाप लांबून बघून धावत सुटतो ती. मावशी पापड उलटायच्या थांबल्या. म्हणाल्या, धावला? म्हातारा माणूस? मी म्हटलं हो, धावला. थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग हरिपाठाची वेळ झाली म्हणून खाली गेल्या. त्या आजही रोज हरिपाठ म्हणतात, आणि अधूनमधून मला म्हणतात, अजून एक सांग.

पोस्ट काढून टाका असं तुम्ही लिहिलंत, ती मी काढणार नाही. दवाखान्याचं ते वाक्य मात्र आज सकाळी काढलं, आणि त्या जागी मावशींना विचारून लाडवांची गोष्ट टाकलीय.