नळ, आई आणि प्रॉब

आमच्याकडं नळाला पाणी येत नाही, ‘नळ येतात’. पाहुणे यावेत तसे. कधी आठव्या दिवशी, कधी थेट बाराव्याला. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा सगळा देश हळहळला. आमच्या गल्लीत मात्र लोक म्हणाले, रेल्वेला निदान टाइमटेबल तरी असतं.

यंदा मेव्हणीच्या मुलीचं लग्न परभणीला, आणि तेही नेमकं सातव्या दिवशी. घर सोडावं तर टाकी कोरडी राहायची भीती. न सोडावं तर बायकोची.

मी एक्सेल उघडलं. त्यात ‘प्रॉब’ नावाचं फंक्शन आहे. एका रकान्यात दिवस भरा, शेजारी त्या त्या दिवसाची शक्यता, मग खालची मर्यादा आणि वरची मर्यादा द्या. मधल्या शक्यतांची बेरीज ते करून देतं. माहिती स्वयंपाकघरातच टांगलेली होती. नळ आले की आई कॅलेंडरवर त्या तारखेला घागर काढते. (ती वांग्यासारखी दिसते, पण हे घरात बोलायचं नाही.) वर्षाच्या ४० घागरी मोजल्या: सातव्या दिवशी ४, आठव्या १०, नवव्या १२, दहाव्या ८, अकराव्या ४, बाराव्या २. प्रत्येकीला ४०नं भागलं. बाराव्याच्या दोन तेवढ्या गाळल्या. त्या वेळी पाइप फुटला होता, तो काय नियम झाला?

एंटर मारलं. उत्तर आलं, ‘#नम!’

मला वाटलं, पुढं ‘शिवाय’ येईल. नाही आलं. अर्ध्या तासानं उमगलं की शक्यतांची बेरीज बरोबर १ भरावी लागते आणि माझी ०.९५ भरत होती. म्हणजे फुटका पाइपही हिशेबात धरायचा. मग दिवसांच्या रकान्यात बारावा घेतला, पण शक्यतांचा रकाना पाचच ओळींवर राहिला. लगेच ‘#एन/ए’! आमच्याकडं जमीन एनए करायला माणसाच्या चपला झिजतात, इथं एका बोटात काम झालं.

“सकाळधरनं काय करायलास रे?” आईनं विचारलं.

“नळ कधी येणार ते काढतोय.”

“बरं,” म्हणाली आणि लसूण सोलत बसली.

शेवटी जमलं. आठ ते दहा दिवसांत नळ येण्याची शक्यता ०.७५. वरची मर्यादा रिकामी सोडली की नेमक्या तेवढ्याच दिवसाचं उत्तर मिळतं. म्हणून नुसता ७ टाकला. ०.१०! मी बायकोला ऐटीत सांगितलं, “काढ पैठणी.” आई गुडघ्यांमुळं घरीच थांबली.

रात्री परतलो तर गल्लीभर चिखल. नळ येऊन गेले होते. आता ०.१० म्हणजे शून्य नव्हे, दहातून एकदा हे व्हायचंच, फंक्शनचं काही चुकलं नव्हतं, हे सगळं मी बायकोला उंबऱ्यातच समजावून सांगू लागलो. ती माझ्याकडं न बघता न्हाणीघरात गेली. टाकी भरलेली. बॅरल भरलेलं. पातेलीसुद्धा भरलेली.

“तुला कसं कळलं गं?” मी आईला विचारलं.

“पाणी सोडणाऱ्या मामाला विचारलं परवाच. उद्या त्येच्या नातवाचं जावळ हाय, म्हणून आजच सोडतो म्हणला.”

“मग मला सांगायचं ना!”

“तू इचारलास का?” आईनं कॅलेंडरवर एक वांगं काढलं. “आन् जावळ कंच्या रकान्यात घालतात रे तुझ्या त्या डब्यात?”